ओला नमुना

पिंगळीला गाडी थांबली आणि कुणीतरी कावेरीच्या पायावर पोतं टाकलं.

पोतं जड होतं. अंगठा चेचला. तरी ती ओरडली नाही. त्या हिवाळ्यात डब्यात कुणी ओरडलं, की माणसं आधी खिडक्या खाली ओढायची आणि मग काय झालं ते विचारायची. आदल्या वर्षी विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला होता. गावोगावी घरं जळाली होती. यंदा, एकोणऐंशीच्या अखेरीस, नामांतराचे मोर्चे पुन्हा निघाले होते, अटका सुरू होत्या आणि उद्या कुठं काय होईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पूर्णेहून परभणीच्या कॉलेजात रोज जाणारी कावेरी एकच नियम पाळायची. खिडकीशी बसायचं आणि कुणाशी बोलायचं नाही.

"लागलं का?" पोत्याचा मालक वाकून म्हणाला. पंचविशीचा, उंच, अंगात शहरी शर्ट आणि चपलांना काळ्या रानाची माती.

"काय आहे यात? दगड?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कोळसा."

"कोळसा?"

"हळू बोला. आमच्या हिरीत लागलाय. बाबांनी गावात कुणाला सांगितलं न्हाई. परभणीला कुणी जाणकार भेटतोय का बघायला जायलोय."

बोलायचं नाही, असं कावेरीनं स्वतःला बजावलं. पण पोत्याच्या तोंडातून एक काळा तुकडा डोकावत होता आणि त्याच्या कडेवर पातळ पातळ रेघा होत्या, एकावर एक. तिच्यानं राहवलं नाही. तिनं तो उचलला, तळहातावर तोलला, नखानं खरवडला, वास घेतला. मग पदरानं एक कोपरा पुसला आणि दाताखाली धरला.

तरुणाचे डोळे मोठे झाले.

"तुमी... दगड खायलात?"

"खात नाही. दातावर कचकचतोय का बघतेय. कचकचला तर रेती. लोण्यासारखा फिरला तर चिकणमाती."

"आन हा?"

"लोणी."

"आमच्याकडं पोरी चिंचा खात्यात."

"चिंचा खाऊन भूशास्त्रात एम.फिल. होत नाही," कावेरी म्हणाली आणि आपण अनोळखी माणसाशी बोलून बसलो हे तिच्या लक्षात आलं. समोरच्या म्हातारीनं मान वळवून दोघांकडं पाहिलं होतं. कावेरीनं घाईनं केसातली पिन काढली, दगडाच्या रेघेत घातली आणि हलकेच दाबली. वहीचं पान उलटावं तसा दगड उघडला. आत एका पानाचा काळा ठसा होता, शिरांसकट.

तरुणानं बोट पुढं केलं, पण ठशाला लावलं नाही.

"हा कोळसा नाही," ती शेवटी म्हणाली. "शेल म्हणतात याला. गाळाचा दगड. आपल्या भागात लाव्हा आला, थिजला. त्याच्यावर तळं साचलं. तळ्यात झाडांचा पाला पडला, कुजला, गाळात दाबला गेला. मग वरून दुसरा लाव्हा. साडेसहा कोटी वर्षं झाली असतील."

"मंजी दोन भाकरींच्या मधली चटणी."

तिला हसू आलं. हे तिला वर्गात कधी सुचलं नव्हतं. "हो. चटणीच."

"मंजी बाबा काही श्रीमंत होत न्हाईत." त्यानं उसासा टाकला, पण तोंडावर दुःख नव्हतं. "मी बन्सीधर. शेतकी कॉलेजातनं डिग्री घेतली आन पुन्हा वावरातच आलो. म्याडम, मग दुसरं इचारू का? कोळशाचं ऱ्हाऊ द्या. ही चटणी वज्जं पेलंल का?"

त्याचं कोडं असं होतं. विहिरीचं वरचं अंग माती-मुरमाचं, ढासळणारं. त्याला दगडाचं गोल बांधकाम, म्हणजे कडं, हवं होतं. ते बांधकाम उभं राहायला खाली घट्ट बैठक हवी. काळ्या थराच्या खाली पाषाण होता, पण त्यात बैठक काढायची तर सुरुंग लावावा लागे आणि गडबडीच्या दिवसांत पोलिसांनी सुरुंगाची दारू बंद केली होती. म्हणून माणिकराव मिस्त्री म्हणत होता, काळ्या थरातच पायरीसारखा टप्पा काढू आणि त्याच्यावर कडं चढवू.

"त्यातला कुजलेला पाला किती दाब सोसतो," कावेरी हळू म्हणाली, "माझा अभ्यासच त्याच्यावर आहे."

"कुजलेल्या पाल्यावर?"

"हसू नका."

"हसलो न्हाई," तो म्हणाला. पण डोळे हसत होते. "देवानंच पोतं टाकलं तुमच्या पायावर."

"देवानं नाही. तुम्ही टाकलंत. अजून दुखतोय अंगठा."

•

कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत तिनं ते तुकडे मांडून ठेवले. हिवाळ्याचं कोवळं ऊन दिवसभर त्यांच्यावर यायचं. मोर्च्यामुळं कॉलेज मध्येच बंद व्हायचं, पुन्हा उघडायचं. ज्या दिवशी उघडं मिळालं त्या दिवशी तिनं तुकडे घासून सपाट केले, त्यांच्यावर पोलादी गोळी ठेवली आणि गोळीवर वजनं चढवत गेली. गोळी किती रुतते त्यावरून दगडाचा मऊपणा कळतो. काळ्या पाल्याच्या रेघेवर गोळी जेमतेम रुतली. पाटीसारखा टणक दगड. तिनं वजन वाढवलं. तरी तेच.

तिला आनंद झाला. दगड टणक निघाल्याचा किती आणि ही बातमी कुणाला सांगायची त्याचा किती, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

"पेलेल," पुढं तो गाडीत भेटला तेव्हा तिनं सांगितलं.

"खातरीनं?"

"गोळी ठेवून पाहिलं."

"मला बी गोळी ठेवून बघा कधी," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "पेलतो का."

तिनं वही उघडली. कानाच्या पाळ्या तापल्या. डब्यात पूर्णेचे निदान चार ओळखीचे लोक होते... त्यांतला एक तर वडिलांच्याच पार्सल ऑफिसातला. भीती वाटली. पण जी भीती वाटली ती निराळी होती, गोड.

मग तो रोज पिंगळीला चढू लागला. परभणीत त्याला काय काम असायचं हे त्यालाही नीट सांगता येत नसे. एकदा पंपाचा वायसर, एकदा बियाणं, एकदा नुसतंच "मोंढ्यात जायलोय". एकदा त्यानं रुमालात गरम हुरडा आणला, सोबत तिळाची चटणी.

"आता ह्याच्यात कचकच हाय का बघा."

तिनं चार दाणे तोंडात टाकले. "लोणी."

"लोण्याशिवाय दुसरा शब्दच न्हाई का तुमच्या पुस्तकात?"

एका दुपारी ती विहीर बघायलाही गेली. बन्सीधरची आई कस्तुराबाई आगटीपाशी बसून कणसं भाजत होती. तिनं कावेरीला पाटावर बसवलं आणि भरल्या पोटावर आणखी दोन कणसांचा हुरडा खायला लावला. वडील किशनराव मात्र दुरूनच बघत राहिले. कोळसा नाही असं सांगणाऱ्या बाईवर त्यांचा राग होता.

"दगड खानारी हीच का?" त्यांनी मुलाला विचारलं, तिला ऐकू जाईल असं.

"हीच."

"मंग आपल्या शिवारात उपाशी मरायची न्हाई."

काळ्या थरात टप्पा काढून झाला होता आणि त्यावर दगडाचं कडं निम्म्याच्या वर चढलं होतं. उन्हात काळा थर खडखडीत वाळला होता. माणिकराव मिस्त्रीनं त्यावर पहार मारून दाखवली. खणखण आवाज आला. कावेरीनं मान डोलावली.

•

पौषात आभाळ भरून आलं. पाऊस म्हणावा असा तो नव्हता. भुरभुर. पण ती थांबेना. ज्वारीची कणसं काळी पडतील म्हणून शेतकरी धास्तावले. त्यातच बंद पुकारला गेला. एस.टी. आधीच बंद झाली. आदल्या संध्याकाळच्या परतीच्या गाडीत बन्सीधर पिंगळीला उतरता उतरता म्हणाला होता, "उद्या मिस्त्री काही यायचा न्हाई. कडं तर पुरं झालं. मी अन् बाबाच उतरतो खाली, पंपाच्या पाइपाला फूटवॉल बसवतो. पाणी चढायच्या आत."

"जपून," ती म्हणाली.

"तुमी सांगितलंय ना पेलतंय म्हणून. मग कसली फिकीर?"

सकाळी पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरात कावेरी चहाचा कप घेऊन खिडकीशी आली. खिडकीत तिनं पिंगळीचा एक तुकडा ठेवला होता. तोच, पानाचा ठसा असलेला. रात्रभर भुरभुर आत आली होती आणि तुकडा भिजला होता. तिनं पुसायला उचलला.

तिचा अंगठा आत गेला.

फार नाही. नखभर. पण गेला. तिनं दुसरीकडं दाबलं, तिथंही गेला. रेघेवर जरा जोर दिला तर वरचा पापुद्रा खालच्यावरून साबणासारखा घसरला, आवाज न करता.

कप कधी खाली ठेवला ते तिला आठवलं नाही. प्रयोगशाळेची खिडकी आठवली. कोवळं ऊन आठवलं. तिनं वाळलेला दगड तपासला होता. उन्हात ठेवून, पाटीसारखा करून. विहिरीत तो पाला कोट्यवधी वर्षं ओला होता. उघडा पडला म्हणून वरवर वाळला होता, इतकंच. आता त्यावर पाऊस पडत होता, खालून पाणी चढत होतं, डोक्यावर अख्खं दगडी कडं होतं. असा पाला एकदम तुटत नाही. ओझ्याखाली हळूहळू सरकतो, सरकतो... आणि मग थांबत नाही.

आणि त्याच्या खाली बन्सीधर उतरणार होता. तिच्या शब्दावर.

"बाबा," ती म्हणाली. "मला पिंगळीला जायचंय. आत्ता."

दिनकरराव पार्सल ऑफिसला निघाले होते. अंगात रेल्वेचा काळा कोट, पितळी बटणांचा. "आज? बंद आहे. पॅसेंजरचा पत्ता नाही. लायनीवर कुठं काय घातलंय कुणाला ठाऊक."

तिनं सगळं सांगितलं. आई नर्मदाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कोण बन्सीधर, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. बहुधा पार्सल ऑफिसातल्या माणसानं ते आधीच सांगितलं होतं.

"जायलाच पाहिजे?" वडिलांनी एवढंच विचारलं.

"माझ्यामुळं तो खाली आहे."

दिनकररावांनी खिडकीतला तुकडा उचलला, अंगठ्यानं दाबला, थोडा वेळ बघत राहिले. मग कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला. "रेल्वेचा कोट आहे. वाटेत कुणी अडवलं तर पार्सलबाबूची मुलगी म्हणून सांग. चल."

यार्डात परभणीकडं जाणारी मालगाडी उभी होती. गार्ड गोविंदराव वडिलांच्या जुन्या ओळखीचे. त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा वडिलांकडं. "पिंगळीला क्रॉसिंग आहे, थांबेल गाडी. पण दिनकरराव, परवानगी नाही, तिकीट नाही. उद्या कुणी विचारलं तर?"

"तर माझं नाव सांगा," वडील म्हणाले.

•

ब्रेकच्या डब्यात बाक होतं, पण तिला बसवेना. दोन्ही बाजूंनी ओली ज्वारी मागं पळत होती आणि रानात माणूस दिसत नव्हतं. फाटकावर चार पोलीस काठ्या टेकून उभे होते. इंजिनाचा धूर पावसात खाली बसून डब्यात शिरत होता. पिंगळीच्या अलीकडं तिला दुसरा धूर दिसला, शिवाराच्या अंगानं, पांढरा, संथ पसरणारा.

"काका, तिकडं काय पेटलंय?"

गोविंदरावांनी बाहेर वाकून पाहिलं. आदल्या वर्षी त्यांनी याच लायनीवरून खूप धूर पाहिला होता. बराच वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, "हुरड्याची आगटी आहे. असू दे."

तिनं बाकाची कड सोडली. बोटं दुखत होती.

पिंगळीला उतरून ती बांधाबांधानं पळत सुटली. चपला चिखलात रुतल्या तशा तिथंच राहिल्या. काळ्या रानाची माती पायाला लागली की सोडत नाही. प्रत्येक पाऊल आधीच्याहून जड. चिखलाचीच ही जात, ती पळता पळता मनाशी म्हणत होती, वाळली की दगड, भिजली की... आणि पुढचा शब्द तिनं मनातही येऊ दिला नाही.

विहिरीच्या काठावर किशनराव दोर धरून उभे होते. काळा कोट दिसताच ते दचकले.

"साहेब, तो कोळसा न्हाईच हो," ते दुरूनच म्हणाले. "उगंच अफवा हाय."

"काका, मी. कावेरी. बन्सीधर कुठंय?"

त्यांनी बोटानं खाली दाखवलं.

ती काठावर आली. कडं उभं होतं. नीट, गोल, एकही दगड हललेला नव्हता. दोन शिड्या एकमेकींना बांधून खाली सोडल्या होत्या आणि पार तळाला गुडघाभर पाण्यात तो पाइपाशी वाकला होता. एवढा लहान दिसत होता तो तिथून.

"वर या," ती म्हणाली. "बन्सीधर. वर या."

त्यानं मान वर केली. "म्याडम? आज तर बंद हाय."

"वर या आधी."

"कामून? झालंच बगा एवढं, फूटवॉल—"

"मी चुकले."

खाली पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज आला. आणखी एक.

"काय चुकलं?"

"मी दगड उन्हात वाळवून तपासला. वाळला की टणक होतो. भिजला की अंगठा जातो त्यात. तुमच्या डोक्यावरचं कडं त्याच्यावर उभं आहे."

किशनरावांच्या कपाळावर आठी चढली. "बाई, आधी तुमीच म्हनलात कोळसा न्हाई. मंग म्हनलात पेलतंय. आता म्हनता पेलत न्हाई. काल बी कडं उभं होतं, आज बी हाय. आमी कितींदा तुमच्यावर यकीन ठेवायचं?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कडं खरंच उभं होतं.

तळातून काहीच आवाज येईना. तिनं वाकून पाहिलं. बन्सीधर पाइपाकडं बघत नव्हता. कड्याच्या आतल्या अंगाला माणिकराव मिस्त्रीचा ओळंबा टांगलेला राहिला होता. दोरी वर काठावरच्या आडव्या वाशाला, वजनाची पितळी लोळी खाली. सरळ भिंतीपासून तो दोन बोटं सुटा राहावा असा मिस्त्रीनं टांगला होता. आता लोळी दगडाला टेकली होती. दोरी जागची हलली नव्हती. भिंत पुढं आली होती.

"बाबा," बन्सीधर अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "बोलू नका. दोर सोडा."

किशनरावांनीही पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. मग त्यांनी दोर सोडला. बन्सीधरनं तो कमरेला बांधला आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"शिडी सोडून कशाला हात लावू नका," कावेरी म्हणाली. तिनं किशनरावांच्या मागं दोर धरला होता. "काळ्या टप्प्यावर पाय देऊ नका. नुसतं वर या."

"यायलोय." दोन पायऱ्या. थांबला. "म्याडम, भीती वाटायलीय. काही तरी बोला."

"काय बोलू?"

"काही बी."

"लोणी," ती म्हणाली.

तो हसला की श्वास लागला ते कळलं नाही. आणखी पायऱ्या चढला. काळ्या टप्प्याच्या बरोबरीला आला. त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तो थर चमकत होता, नुकत्या धुतलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. त्यातून एक कपची सुटली आणि खाली पाण्यात पडली. त्याचे हात शिडीवर जागीच थिजले.

"बन्सीधर. माझ्याकडं बघा. खाली नाही, तिकडं नाही. माझ्याकडं."

त्यानं वर पाहिलं.

"वर आलो तर एक इचारायचं हाय तुमाला."

"या तर आधी."

"न्हाई, आधी सांगा. हो म्हणताल का?"

"हो."

"अजून इचारलं न्हाई मी."

"जे विचारणार असाल त्याला हो. पाय उचला."

"ए लेका," किशनराव दात आवळून म्हणाले, "दोर माझ्या हातात हाय. आधी वर ये, मंग लगीन ठरव."

•

तो काठावर आला आणि तिघंही दोर तसाच ओढत बाभळीपर्यंत मागं गेले. किशनरावांना पंप आठवला. "पंप ऱ्हायला," म्हणून ते वळले तसा बन्सीधरनं त्यांचा दंड धरला आणि सोडला नाही.

काहीच झालं नाही.

भुरभुर चालूच होती. कस्तुराबाई घरून चहा घेऊन आली, तिघांकडं बघून काही न विचारता तिनं कप भरले. चहा पिता पिता कावेरीनं मालगाडीचं सांगितलं. कडं उभंच. किशनराव एकदा विहिरीकडं बघायचे, एकदा कावेरीकडं. बन्सीधर बाभळीला टेकून बसला होता, भिजलेला, थंडीनं दात वाजत होते. तिनं वडिलांचा कोट काढून त्याच्या अंगावर टाकला. तेवढ्यात त्यानं तिचं बोट धरलं, कोटाच्या आड, कुणाला दिसणार नाही असं. तिनं काढून घेतलं नाही. मी पुन्हा चुकले असेन, तिच्या मनात आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला चुकायची फार इच्छा झाली.

मग विहिरीतून खडे पडल्याचा आवाज आला. चार-दोन. थोडं थांबून पुन्हा. आणि मग मोंढ्यात गाडीवरून एकदम पोती उतरवावीत तसा जड, भरलेला आवाज जमिनीतून आला आणि बसल्या जागी चौघांच्या पायांना कळला. कावेरीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा विहिरीच्या काठावरचा वासा नव्हता.

आधी किशनराव गेले. काठापासून दूर उभं राहून त्यांनी पाहिलं. कडं जिथं उभं होतं तिथून सगळंच्या सगळं खाली बसलं होतं आणि त्यातून काळं पाणी वर येत होतं. एक वास येत होता, बंद पेटी उघडल्यासारखा, कुजक्या पानांचा.

ते परत आले तेव्हा त्यांची टोपी हातात होती.

"लेकी," ते म्हणाले. बाईवरून लेकीवर ते कधी आले त्यांनाही कळलं नसावं. "चुकल्यावर लोक तोंड लपवित्यात. तू मालगाडीनं आलीस."

कावेरीला तेव्हा रडू आलं. कस्तुराबाईनं तिला जवळ घेतलं आणि नवऱ्याकडं डोळे वटारले. "तिला काय बोललात?"

"चांगलंच बोललो," किशनराव पुटपुटले.

•

गाड्या पुन्हा सुरू झाल्या. भीती मात्र इतक्यात जाणारी नव्हती. स्टेशनांवर पोलीस होतेच, डब्यात लोक अजून हलक्या आवाजात बोलत होते, आणि कावेरीला झोपेत शिडीवर थिजलेले हात दिसायचे. प्रयोगशाळेतले जुने तुकडे तिनं बाजूला काढले होते. सगळं पहिल्यापासून करायचं होतं.

पिंगळीला गाडी थांबली. बन्सीधर चढला. हातात बादली होती, ओल्या पोत्यानं झाकलेली. या वेळी त्यानं आधी तिचे पाय कुठं आहेत ते पाहिलं आणि मगच ती खाली ठेवली.

"हे काय?"

"नमुना. काठाशी उघडा पडला होता थर, तिथला. काढला तसाच पाण्यात घातला. वाटंत वारं बी लागू दिलं न्हाई."

तिनं पोतं सारून पाण्यात हात घातला. दगड गार होता, मऊ होता. "आता खरं कळेल," ती म्हणाली. "किती सोसतो ते."

"माझं कधी तपासणार?"

"तुमचं कळलं."

"वाळलेलं का ओलं?"

"शिडीवर," ती म्हणाली. "चांगलंच ओलं होतं."

तो लाजला. एवढा उंच माणूस लाजलेला तिनं पहिल्यांदाच पाहिला. समोरची म्हातारी, तीच पहिल्या दिवशीची, आता उघड उघड ऐकत होती.

"रविवारी आई-बाबा पूर्णेला यायलेत," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "तुमच्या बाबांचा कोट ऱ्हायलाय आमच्याकडं. तो द्यायला."

"एक कोट द्यायला दोघं?"

"तिघं. मी बी हाय."

"इतका जड आहे का कोट?"

"लय जड," बन्सीधर म्हणाला. "एकट्याला पेलत न्हाई."

पुढच्या डब्यात शेंगावाला मोठ्यानं ओरडला. सवयीनं म्हातारीचा हात खिडकीकडं गेला, अर्ध्यात थांबला आणि परत मांडीवर आला. कावेरीचा हात अजून बादलीत होता. पाण्याखाली, दगडाच्या अलीकडं, तिला त्याची बोटं लागली.

"आईला सांगते," ती म्हणाली, "चार ताटं जास्त मांड म्हणून."

"चार? आमी तर तिघं."

"गोविंदकाकांना बोलावायला नको? बिनतिकिटाचं आणलं त्यांनी मला."